कुरुंदाच्या बेटावर सहा दिवस

घरचे गौरी-गणपती पोचवले आणि आठवड्याभरात आम्ही दोघं कोल्हापुरातून निघालो. लेक-जावई म्युनिकला असतात. "बाबा, या वेळी ग्रीसचं एखादं बेट बघू, तुम्हीच निवडा," असं लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी लगेच नाक्सोस म्हणालो. तिला नवल वाटलं, कारण सगळे सांतोरिनी म्हणतात. माझं कारण साधं होतं. उद्यमनगरात चाळीस वर्षं मी टूलरूमचं काम केलं. लेथवरून उतरलेल्या जॉबला शेवटचा हात एमरी पेपरचा, म्हणजे घासून गुळगुळीत करायच्या कागदाचा. हा एमरीचा दगड हजारो वर्षं ज्या बेटावरून जगात गेला ते नाक्सोस, एवढं तरुणपणी एका तांत्रिक पुस्तकात वाचलं होतं आणि ते नाव डोक्यात बसलं होतं. आपल्याकडे त्याच जातीच्या दगडाला कुरुंद म्हणतात. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द तमिळमधल्या कुरुंदमवरूनच गेलाय.

बेटावर मऊ वाळूचे किनारे आहेत, जुनी गावं आहेत, देवळं आहेत. ते सगळं पाहिलं. पण मी गेलो होतो दगडासाठी.

पहिला दिवस : न लागलेलं दार

अथेन्सला एक रात्र काढून सकाळी पिरेयस बंदरातून मोठी फेरी धरली. पाच तासांहून थोडा जास्त प्रवास. मालाचे ट्रक, मोटारी, कोंबड्यांच्या खुराड्यासकट घरी निघालेल्या आज्या, सगळं त्या बोटीच्या पोटात. पारोसला थांबून बोट वळली आणि समोर नाक्सोस आलं. सायक्लेडीझ नावाच्या बेटांच्या पुंजक्यातलं हे सगळ्यात मोठं बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं. बाकीची बेटं उघडीबोडकी दिसतात. इथं मात्र मागे खरे डोंगर उभे होते आणि त्यांच्यावर ढग अडकला होता.

बंदरात शिरताना डाव्या हाताला एक दार दिसतं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती संगमरवरी चौकट, आणि तिच्यातून आरपार आकाश. याला पोर्तारा म्हणतात. लिग्डामिस नावाच्या हुकूमशहानं इ.स.पू. ५३०च्या सुमारास अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि काम तिथंच थांबलं. पुढं त्या जागी चर्च झालं, मग व्हेनिसच्या लोकांनी गढी बांधायला इथले दगड नेले. चौकट तेवढी राहिली, कारण तिचा एकेक दगड वीस टनांच्या घरातला आहे.

संध्याकाळी बांधावरून चालत त्या टेकाडावर गेलो. बांधाच्या एका बाजूच्या लाटा वाऱ्यानं थेट अंगावर येत होत्या, बायकोचा पदर तीनदा भिजला. वर सूर्यास्ताचे फोटो काढायला दीडशे माणसं जमली होती. मी चौकटीच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिलो आणि तिथंच खिळलो. दगडांच्या बाहेरच्या बाजूला ठिकठिकाणी उंचवटे तसेच ठेवलेले आहेत. फौंड्रीतल्या माणसाला ते लगेच कळतात. मोठं कास्टिंग ओततानाच आपण त्याला उचलायला कान ठेवतो, साखळी अडकवायला. सगळं मशीनिंग उरकलं की शेवटी ते कान कापून जागा साफ करायची. इथं अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वीस टनांचा दगड दोराला अडकवून वर चढवला, नीट बसवला, आणि कान कापायला पुन्हा कुणी शिडी लावलीच नाही.

"बाबा, सूर्य इकडं आहे," लेक म्हणाली. मी म्हटलं, बघतो गं, जरा थांब.

पोर्ताराला तिकीट नाही आणि वेळेचं बंधन नाही. सूर्यास्ताला गर्दी असते, शांतपणे बघायचं असेल तर सकाळी सातला जा. वर भणभण वारा असतो. टोपी हातात धरा.

दुसरा दिवस : गढी आणि समुद्र

मुख्य गावाला होरा म्हणतात. बेटावरच्या मोठ्या गावाला ग्रीसमध्ये बहुतेक ठिकाणी हेच नाव असतं. बंदरावरच्या हॉटेलांच्या मागे एक बोळ शिरतो आणि दहा पावलांत आवाज बंद होतो. पांढऱ्या भिंती, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं इतके अरुंद रस्ते, डोक्यावर कमानी. बोळ मुद्दाम वाकडे आहेत, चाचे शिरले तर वाट चुकावी म्हणून. आम्हीही दोनदा चुकलो. एका आजींनी खिडकीतून हात बाहेर काढून "पानो, पानो" म्हणत वरची दिशा दाखवली. पानो म्हणजे वर.

वर कास्त्रो, म्हणजे गढी. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे धर्मयुद्धाच्या नावानं निघालेल्या युरोपी फौजेनं, कॉन्स्टँटिनोपल लुटलं, त्या धामधुमीत व्हेनिसच्या मार्को सानुदोनं १२०७ मध्ये हे बेट घेतलं आणि आजूबाजूच्या बेटांचं राज्य करून स्वतः ड्यूक झाला. ते राज्य साडेतीनशे वर्षं टिकलं, मग तुर्क आले. गढीतल्या घरांच्या दारांवर अजून त्या सरदारांची दगडी चिन्हं आहेत. आत कॅथलिकांचं चर्च, खाली गावात ऑर्थोडॉक्सांची. वर राज्यकर्ते आणि खाली रयत, हे दगडातच लिहून ठेवलंय. एका भिंतीत मधेच देवळाच्या खांबाचा गोल तुकडा बसवलेला दिसला. जुनी देवळं मोडून नवे वाडे बांधण्याची रीत आपल्याकडचीच नाही, एवढं त्या तुकड्याकडे बघून वाटलं आणि वाईटही वाटलं.

दुपारी बसनं आयिओस प्रोकोपिओसच्या किनाऱ्यावर. तिथून आयिया आना आणि पुढं प्लाका असा किनारा चालतच जाता येतो. पाण्याबद्दल काय सांगू? कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पायाची नखं मोजावीत इतकं ते स्वच्छ. आपल्या कोकणात लाट येते तीच मुळी अंगावर चाल करून. इथं या बाजूला समुद्र तळ्यासारखा पडून होता. ऑक्टोबर लागला होता तरी पाणी उन्हाळाभर तापलेलं. बायको आयुष्यात पहिल्यांदा गळ्याइतक्या पाण्यात गेली, लेकीचा हात धरून, सलवार-कमीज घालून. तास झाला तरी बाहेर येईना. शेजारी एक जर्मन आजी तरंगत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी हसत होत्या आणि पाण्यावर हात आपटत होत्या.

जुलै-ऑगस्टमध्ये इथं मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो इतका की वाळू अंगाला टोचते. सप्टेंबरच्या मध्यानंतर तो बराच उतरतो, गर्दी ओसरते, खोल्यांचे भाव खाली येतात आणि समुद्र मात्र उबदार असतो. घरच्या मंडळींना घेऊन जायचं तर हाच काळ. ऑक्टोबरच्या शेवटाकडे किनाऱ्यावरची हॉटेलं बंद व्हायला लागतात आणि बसच्या फेऱ्या कमी होतात.

तिसरा दिवस : संकष्टी आणि म्हाळुंग

आज बायकोची संकष्टी. परदेशात आहोत, सोड, असं तिला कुणी म्हटलं नाही, कारण ती सोडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. जावईबापूंनी गाडी भाड्यानं घेतली होती. त्यांच्याकडे जर्मन लायसन आहे म्हणून अडचण आली नाही. आपल्या भारतीय लायसनवर चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं आणि घाट आपल्या आंबोलीसारखा वळणांचा, हे लक्षात ठेवा.

आधी सांग्रीजवळचं दिमित्रेचं देऊळ. दिमित्रा ही धान्याची देवी, आणि देऊळ अजूनही शेतांच्या मधोमध. पोर्ताराच्याच काळातलं, सुमारे इ.स.पू. ५३०चं. पण हे पूर्ण झालं होतं. पुढं त्याचं चर्च झालं, मग पडलं, आणि विसाव्या शतकात विखुरलेले दगड शोधून जितकं उभं करता आलं तितकं अभ्यासकांनी पुन्हा उभं केलं. जुना दगड आणि नवा दगड रंगावरून ओळखू येतो, ते लपवलेलं नाही, हे मला फार आवडलं.

या देवळाचं छप्परसुद्धा संगमरवरी होतं. तुळया संगमरवरी, कौलं संगमरवरी. कौल इतकं पातळ घडवायचं की उन्हात त्यातून उजेड पाझरावा. मातीचं कौल एका साच्यातून शेकड्यानं निघतं. दगडाचं प्रत्येक कौल छिन्नीनं पातळ करत न्यायचं, शेवटच्या दोन घावांत फुटलं की आधीची सगळी मेहनत मातीत. संगमरवरी कौलाची कल्पना नाक्सोसच्या बिझिस नावाच्या कारागिराची, असं पावसानियास या जुन्या ग्रीक प्रवाशानं लिहून ठेवलंय. राजांची नावं सगळे लिहितात. कौल घडवणाऱ्याचं नाव टिकलं, हे त्या उन्हात उभं राहून मला फार मोठं वाटलं.

तिथून ऑलिव्हच्या बागांमधून हाल्की गावात. हाल्कीच्या थोडं पुढं मोनी गावाजवळ पानाइया द्रोसियानीचं बुटकं दगडी चर्च आहे, आत सहाव्या-सातव्या शतकातली भित्तिचित्रं. पाच मिनिटं का होईना, थांबा.

हाल्कीत १८९६ पासून चालत आलेली वालिन्द्रास घराण्याची भट्टी आहे. तिथं कित्रो नावाचं मद्य गाळतात. अंगणात एक काटेरी झाड होतं आणि त्याला पोपईएवढी, खडबडीत सालीची पिवळट फळं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग माझा दंड धरून म्हणाली, "अहो, हे म्हाळुंग."

मी म्हटलं, कशावरून?

"कशावरून काय? अंबाबाईच्या हातात काय आहे?"

करवीरनिवासिनीच्या चार हातांपैकी खालच्या उजव्या हातात म्हाळुंग असतं. साडी-दागिन्यांच्या पूजेत ते दिसत नाही, पण आमच्याकडे लहान पोरालाही ते माहीत असतं. नाव हजारदा घेतलेलं आणि फळ मात्र मी झाडावर कधी पाहिलेलं नव्हतं. ते पाहिलं एजियन समुद्रातल्या एका बेटावर. लेकीनं तिथल्या मुलीला हे समजावून सांगितलं, फोनवर देवीच्या मूर्तीचा फोटो काढून दाखवला. त्या मुलीनं फोटो मोठा करून फळ नीट निरखलं, आतून आईला बोलावलं, आणि दोघींनी मिळून पुन्हा पाहिलं. मग तिनं एक पान तोडून चुरगाळलं आणि आमच्या नाकाशी धरलं. लिंबापेक्षा गोड, थोडा फुलासारखा वास. कित्रो फळापासून करत नाहीत, या पानांपासून करतात. तांब्याच्या भट्टीत पानं गाळायची. हिरवं कित्रो गोड आणि सौम्य, पिवळं कडक, पांढरं मधलं. जावईबापूंनी तिन्ही चाखली आणि हिरव्याची बाटली घेतली.

बायकोसमोर आईनं एक बशी ठेवली. त्यात सालीच्या जाड फोडी, साखरेच्या पाकातल्या, काचेसारख्या पारदर्शक. सोबत चमचा आणि गार पाण्याचा ग्लास. पाहुण्याला घरी असं देतात, याला ते चमच्याचं गोड म्हणतात. आपला मोरंबाच. फळ आणि साखर, दुसरं काही नाही ना, हे विचारून घेतलं. उपासाला चालण्यासारखं होतं. तिनं डोळे मिटून खाल्लं.

जेवायला फिलोती गावात, चौकातल्या भल्यामोठ्या चिनार झाडाखाली. नाक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे, युरोपात त्याला भौगोलिक ओळखीचं संरक्षण आहे. बायकोसाठी तळलेले बटाटे मागवले, मीठ घालू नका म्हणून सांगितलं, आणि पर्समधल्या डबीतलं सैंधव तिनं वरून भुरभुरलं. तेल ऑलिव्हचं, म्हणजे फळाचंच. सोबत घट्ट दही आणि रानमध. आमच्या तिघांसाठी ग्रावियेरा चीज, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण कच्चा कांदा घालून, आणि टोमॅटोत भात भरून भाजलेलं गेमिस्ता. मालकीणबाईंनी उपासाचं ऐकलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांचेही उपास असतात. ईस्टरआधी चाळीसहून जास्त दिवस, ऑगस्टमध्ये मारियाच्या सणाआधी चौदा दिवस. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, काही दिवस तेलसुद्धा नाही. "तुमचं दही चालतं?" त्यांनी बायकोला विचारलं, आणि चालतं म्हटल्यावर "मग तुमचा सोपा आहे" असं म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली.

शाकाहारी मंडळींनी 'निस्तीसिमो' हा शब्द पाठ करून जावं, म्हणजे उपासाचं. त्यात मांस, दूध, अंडं नसतं. मात्र कोळंबी, माकूळ असले प्रकार त्यांना उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्या. गेमिस्तात काही ठिकाणी खिमा असतो, तेही विचारा.

कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ इथं उपयोगाची नव्हती. आम्ही खोलीच्या गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसलो. डोंगराच्या मागे आधी उजेड आला, मग खूप वेळानं चंद्र. तो डोंगर झास, सुमारे हजार मीटरचा, या सगळ्या बेटांमधला सर्वात उंच. झ्यूस देवाच्या नावाचा. ताम्हन नव्हतं, म्हणून हॉटेलच्या बशीतून बायकोनं अर्घ्य दिलं. घरून आणलेल्या खोबऱ्याच्या वडीचा नैवेद्य झाला.

चौथा दिवस : अपिरांथोस

ज्यासाठी आलो तो दिवस. अपिरांथोस हे डोंगरात सहाशे मीटरच्या आसपास वसलेलं गाव, तिथले लोक त्याला आपल्या बोलीत 'तापेराथू' म्हणतात. त्यांची बोली बेटावरच्या इतरांपेक्षा वेगळी, वाडवडील क्रीटहून आलेले म्हणून. गल्ल्या संगमरवरानं फरसबंद. आपल्याकडे देवघराला जो दगड लावतात त्यावरून इथं खेचरं चालली. शतकांच्या पायांनी तो इतका गुळगुळीत झालाय की रबरी तळव्याचे बूट हवेतच, पाऊस पडला असेल तर जपून.

हे मानोलिस ग्लेझोस यांचं गाव. जन्म १९२२. नाझींनी अथेन्स घेतल्यावर तिथल्या अक्रोपोलिस टेकडीवर स्वस्तिकाचा झेंडा लावला. ३० मे १९४१च्या रात्री हे अठरा वर्षांचं पोर आणि त्याचा मित्र अपोस्तोलोस सान्तास वर चढले आणि तो झेंडा काढून आणला. पुढं तुरुंग झाले, फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि म्हातारपणी गावचा कारभार बघायला ते परत इथंच आले. २०२० मध्ये गेले. गावात त्यांचं नाव काढलं की लोक उभे राहून बोलतात, हे मी पाहिलं.

चौकातल्या कॉफीच्या दुकानात चार म्हातारे बसले होते. हातात जपमाळेसारखी माळ, पण जप नाही, नुसता मणी सरकवायचा चाळा. मी लेकीला म्हटलं, यांतल्या कुणी खाणीत काम केलंय का विचार. दुकानातल्या पोरीला इंग्रजी येत होतं. तिनं विचारलं आणि चौघांपैकी तिघांचे हात वर गेले.

सगळ्यात टोकाला बसलेल्या आजोबांनी बोलायला सुरुवात केली. वय पंच्याऐंशीच्या पुढं. वडिलांबरोबर पोरवयात खाणीत गेले. खाणी सरकारच्या, पण खणायचा हक्क इथल्या गावांचाच. घरटी लोक खणायचे, माल ठरलेल्या भावानं सरकार घ्यायचं. सुरुंग, सब्बल आणि पाठ. उंची इतकी कमी की दिवसभर गुडघ्यावर. दगड दोऱ्यांवर लटकवलेल्या डब्यांतून डोंगर उतरायचा, नऊएक किलोमीटर, थेट मूत्सूनाच्या धक्क्यापर्यंत. ती दोरवाट १९२०च्या दशकात बांधली. तिचे खांब आणि गंजलेले डबे अजून रस्त्यावरून दिसतात. आम्ही नंतर मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो, डबे जिथल्या तिथं हवेत थांबलेले आहेत.

"मग बंद का पडलं?" जावईबापूंनी विचारलं.

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मीच द्यायला हवं होतं. मी लेकीला सांगायला सांगितलं की मी चाळीस वर्षं ग्राइंडिंगचं काम केलं, पण माझ्या दुकानातली सगळी चाकं कारखान्यात केलेल्या कृत्रिम कुरुंदाची. भट्टीत तयार होणारा माल एकसारखा, दाणा ठरलेला, स्वस्त. तुमचा दगड मी कधी वापरलाच नाही. नाव तेवढं वापरलं.

पोरीनं सांगितलं. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, उताणा केला, अंगठ्याजवळचा जुना जळलेला डाग पाहिला. ग्राइंडरची ठिणगी बसलेली, १९९१ मधली. त्यांनी आपला हात त्याशेजारी ठेवला. दोन बोटांची पेरं नव्हती. काही न बोलता उठले आणि समोरच्या घरात गेले.

परत आले ते मुठीएवढा दगड घेऊन. काळसर, गंजाची झाक असलेला, दिसायला काहीच नाही. हातात घेतला आणि मनगट खाली गेलं. तेवढ्याच आकाराच्या संगमरवरापेक्षा कितीतरी जड. मी खोलीची किल्ली काढून त्यावर ओढली. दगडावर ओरखडा नाही, किल्लीची कडा मात्र चकचकीत झाली. आजोबा पहिल्यांदा हसले. "स्मिरिदा," ते म्हणाले. मी म्हटलं, "कुरुंद." त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, बाकीच्या तिघांनाही म्हणायला लावला. दगड परत घेईनात.

आमच्या कॉफीचे पैसेही कुणी घेऊ दिले नाहीत.

एक सांगून ठेवतो. असा कुणी हातात दिला तर गोष्ट वेगळी. देवळांच्या जागेवरचा एक कपचाही उचलू नका, किनाऱ्यावरचे गोटेही नाहीत. कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

तिथून उत्तरेला वळणावळणांनी अपोलोनासला. वरच्या जुन्या खाणीत, रस्त्यापासून चार पायऱ्यांवर, एक पुरुष उताणा पडलाय. साडेदहा मीटरच्या आसपास लांब, वजन ऐंशी टनांच्या घरात. दाढी घडवायला घेतलेली दिसते म्हणून हा मद्याचा देव दियोनिसस असावा असं अभ्यासक म्हणतात. पाय, छाती, पुढं आलेले हातांचे ठोकळे, सगळं ढोबळ काढलंय. खाणीतच घडवायचं, म्हणजे वाहून न्यायचं वजन कमी होतं, हा त्यांचा हिशेब. मग दगडाला भेगा गेल्या आणि त्याला तिथंच सोडला. आज त्याला २,५०० वर्षांहून जास्त झाली.

आपल्याकडे म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. यानं घाव सोसले. मी वाकून पाहिले, टोकदार छिन्नीच्या खुणा ओळीनं बसलेल्या आहेत, एकसारख्या अंतरावर, हात न थकलेल्या माणसाच्या. याच बेटाच्या संगमरवरातून असे कितीतरी पुतळे घडले, डेलोसला गेले, डेल्फीला गेले, आणि त्यांना शेवटची झिलई याच डोंगरातल्या स्मिरिदानं दिली. हा तेवढा झिलईपर्यंत पोचला नाही. त्याच्या पोटाच्या खळग्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि एक चिमणी ते पीत होती.

बायकोनं नमस्कार केला. देव अर्धा असला तरी देवच, ती म्हणाली.

असाच एक, याच्या जवळजवळ निम्म्या उंचीचा, मेलानेसजवळ फ्लेरिओच्या बागेत पडलेला आहे. परतताना तोही पाहिला. त्याचा पाय मोडलाय. लिंबाच्या झाडांची सावली त्याच्या तोंडावर होती.

पाचवा दिवस : काही नाही

दिवसभर मिक्री विग्ला आणि अलिको. अलिकोला वाळूतच बुटक्या देवदारांसारखी झाडं आहेत आणि एक अर्धवट सोडलेलं हॉटेल, भिंतींवर मोठमोठी चित्रं. दुपारपासून वारा चढायला लागला. मिक्री विग्लाला पतंगांवर पाणी कापणारी पोरं खूश होती. आमच्या छत्रीचं टोक दोनदा निघालं. संध्याकाळी पुन्हा बटाटे खाल्ले.

सहावा दिवस : बोट

सकाळी फोनवर संदेश, बोट वाऱ्यामुळं उशिरा. मग पुन्हा संदेश, आणखी उशिरा. समुद्र फार खवळला की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. अडचण ही की कंपनीच्या खिडकीवर नक्की वेळ कुणी सांगेना. सकाळी साडेनऊची बोट दुपारी चारला निघाली. आमचं विमान दुसऱ्या दिवशी होतं म्हणून निभावलं. आमच्या रांगेतल्या एका कुटुंबाचं त्याच रात्रीचं होतं, ते चुकलं. बेटावरून परतणं आणि घरचं विमान यांत एक पूर्ण दिवस ठेवा. यात तडजोड नको.

ते साडेसहा तास वाया गेले नाहीत. बंदरावरच्या बाकावर बायकोनं लेकीचे केस विंचरून वेणी घातली, लग्नानंतर पहिल्यांदा. मी पोर्तारापर्यंत पुन्हा जाऊन आलो. वाऱ्यामुळं वर कुणीच नव्हतं.

कोल्हापूरला आल्यावर दगड दुकानात नेऊन ठेवला. दुकान आता पुतण्या बघतो. तिथल्या नव्या पोरानं तो उचलला, वजनानं चकित झाला, आणि सहज म्हणून मापाच्या डायलचा मॅग्नेटिक बेस, म्हणजे तिची लोहचुंबकाची बैठक, त्याच्याजवळ नेला. बेसनं दगडाला हलकेच ओढलं, या दगडात लोहाचं खनिज मिसळलेलं असतं म्हणून. पोरानं पुन्हा करून पाहिलं. मग हायस्पीड पोलादाचा एक बोथट टूलबिट, म्हणजे लेथवर कापायचं हत्यार, घेऊन, पाण्याचे थेंब सोडून, दगडाच्या सपाट अंगावर हळूहळू घासायला लागला. दहाएक मिनिटांनी कडा नखावर टेकवून बघितली.

"काका, धरतोय. कुठला म्हणायचा हा?"

"नाक्सोसचा."

"आणि आपल्यात काय म्हणतात याला?"

मी सांगितलं. त्यानं खडू घेतला आणि दगड ठेवलेल्या फळीवर लिहिलं : कुरुंद.